पोरी छतावर चढल्या, मग शिडी कुणी काढली?

मागच्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या स्त्री-संघटनांची अमरावतीला एक बैठक झाली. विषयपत्रिकेवर 'ग्रामीण मुली आणि अपारंपरिक रोजगार' असे लिहिले होते. दुपारच्या सत्रात चांदूर रेल्वेचा विषय निघाला. एक ज्येष्ठ मैत्रीण, जिच्याबरोबर मी कितीतरी मोर्चांत चालले आहे, शांतपणे म्हणाली, "डिश बसवायचं काम मुलींना शिकवून पाहिलं. फसलं. परक्याच्या घरात शिरायचं काम मुलींचं नव्हे, हे आपण आता मान्य करायला हवं." इतिवृत्त लिहिणारीने लिहून घेतले : प्रयोग अयशस्वी. कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही. आणि तो प्रयोग माझाच होता.

बडनेऱ्याहून गाडीत बसले तेव्हा कुठे राग आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. इतिवृत्तातली दुरुस्ती म्हणून वाचले तरी माझी हरकत नाही.

आधी काम काय ते सांगते. कारण त्या बैठकीतल्या आम्हा पंचवीसजणींपैकी बहुतेकींनी आयुष्यात कधी डिश जुळवून पाहिलेली नव्हती, आणि तरीही ते काम कुणाचे आहे नि कुणाचे नाही याबद्दल आमचे ठाम मत होते!

आमच्याकडे डिशला छत्री म्हणतात. छत्री बसवायची म्हणजे पहिल्यांदा भिंतीत किंवा स्लॅबवर पाइप पक्का करायचा, आणि तो ओळंब्यात हवा. पाइप तिरपा असेल तर पुढचे सगळे वाया. उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे महाराष्ट्रातून कुठूनही पाहिले तरी तो दक्षिणेच्या बाजूलाच सापडणार. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि चांदूर ७८ अंशांच्या आसपास, म्हणून तिथली छत्री आग्नेयेकडे तोंड करते. वर मीटर हातात धरून छत्री केसभर इकडे, केसभर तिकडे करायची, सिग्नल लागला की नट आवळायचे, वायरीला कनेक्टर बसवायचा, मग खाली येऊन सेटटॉप बॉक्समध्ये वाहिन्या शोधायच्या. टिनाचे छप्पर असेल तर भोक पाडायचे नाही, पावसात गळते. कवेलूचे घर असेल तर कवेलूवर पाय कुठे ठेवायचा हे ज्याला कळते त्यानेच चढावे. मे महिन्यात दुपारी स्लॅबवर तळवा टेकवत नाही. आणि हे सगळे नीट झाले तरी पंधरा दिवसांनी वानरांची टोळी येते, छत्रीवर झोके घेते, आणि मालक फोन करून म्हणतो, "काल्लेच तं बसवली व्हती, काऊन बंद पडली?"

यात असे काय आहे जे बाईला जमू नये? काटकोन, ओळंबा, चिकाटी आणि हलका हात. पापड लाटणाऱ्या हाताचे कौतुक आपण 'बारीक कामाचा हात' म्हणून करतो. तोच हात नट आवळायला लागला की मात्र त्याला सुरक्षितता आठवते.

२०१८ साली आमच्या गटाने चांदूरमध्ये नऊ मुलींना हे काम शिकवले. सरकारी कौशल्य-अभ्यासक्रमांत 'डीटीएच सेट टॉप बॉक्स इन्स्टॉलर आणि सर्व्हिस टेक्निशियन' असा रीतसर प्रकार आहे, त्याचे पुस्तक आम्ही वापरले. शिकवले मात्र एका जुन्या मेकॅनिकभाऊने, स्वतःच्या घराच्या गच्चीवर. शेवटच्या दिवशी फोटो निघाला. फोटोत नऊजणी आहेत, डोक्यावर पिवळी टोपी. ती टोपी त्यानंतर कुणालाही मिळाली नाही. नऊपैकी चौघींची वर्षभरात लग्ने झाली, तिघींना घरून नाही म्हटले गेले. दोघी एका दुकानदाराकडे कामाला लागल्या. त्यांना इथे थोरली आणि धाकटी म्हणते. थोरली नवऱ्याने टाकलेली, पदरात एक मुलगी. धाकटी एकोणीस वर्षांची, बौद्ध वस्तीतली, वडील दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन-कपाशीच्या कामाला जाणारे. पगार नव्हता. कॉलमागे पैसे. पडले, वायर तुटली, मीटर बिघडले तर ज्याचे त्याने.

पहिले काही महिने मी त्यांच्याबरोबर कॉलवर जात असे. कधी शिडी धरली, कधी खाली टीव्हीसमोर बसून "आलं, आलं, गेलं!" असे ओरडायचे काम केले. ग्राहक नावाचा प्राणी मी तिथे पाहिला.

दारात पहिला प्रश्न ठरलेला : "माणूस नाही आला?" दुसरा : "तुले येते का हे?" तिसरा प्रश्न धाकटीला विचारला जायचा, थोरलीला कमी वेळा : "कोनाची व्हय तू?" आडनाव कळले की पुढची वागणूक ठरे. एका घरी वायर देवघराच्या भिंतीवरून न्यायची होती, दुसरी वाटच नव्हती. घरच्या आजीने "त्या खोलीत नको" म्हटले आणि सव्वा तास दोन भिंतींना वळसा घालून वायर फिरवली. ठरावीक मीटरपुढची वायर ग्राहकाने विकत घ्यायची असते. वाढलेल्या वायरीचे पैसे मागितले तर म्हणतात, "लुटायले आली का?" म्हणजे विटाळ त्यांचा, वायर धाकटीच्या पैशाची. पाण्याचा पेला तर सोडूनच द्या. एका शिकल्या-सवरलेल्या गृहस्थांना छत्रीचे तोंड दक्षिणेकडे नको होते, अशुभ म्हणून. ईशान्येला लाव म्हणाले. थोरलीने त्यांना सांगितले, "काका, उपग्रहाले सांगा तिकडे सरकाले." मला आजही हसू येते. त्या उत्तराबद्दल दुकानदाराने तिचे त्या कॉलचे पैसे कापले.

आणि मग २०१९ उजाडले. १ फेब्रुवारीपासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दरपद्धत लागू झाली : शंभर वाहिन्यांपर्यंत १३० रुपये आणि वर कर, पैशाच्या वाहिन्यांचे दर वेगळे, ज्याने त्याने निवडून घ्यायचे. दिल्लीत कागदावर ते ग्राहकाचे स्वातंत्र्य होते. चांदूरच्या आठवडी बाजारात ते असे दिसले की लोकांचे टीव्ही बंद पडले किंवा रिचार्ज वाढले, कारण कळेना, कॉल सेंटरला फोन लागेना. त्या सगळ्या व्यवस्थेचा एकच जिवंत चेहरा त्यांच्या दारात येत होता, छत्री दुरुस्त करायला आलेली पोरगी. महिन्याभराने, मार्चपासून, स्टार उत्सव, झी अनमोल यांसारख्या वाहिन्या फ्री डिशवरून निघून गेल्या. त्यांच्या मालकांनी त्या काढल्या होत्या. शिव्या मात्र थोरलीने खाल्ल्या, "तूच काही तरी केलं असन."

हा राग मी समजू शकते. रोजमजुरी करून आलेल्या बाईला रात्री अर्धा तास पाहायची एक मालिका असते, ती कुणी न विचारता काढून घेतली तर ती कुणावर तरी चिडणारच. आपल्या चळवळीने वर्षानुवर्षे टीव्हीवर टीका केली, मालिकांतल्या रडक्या सुना आणि जाहिरातींतल्या धुणे धुणाऱ्या बायका यांवर पत्रके काढली. योग्यच केले. पण पडद्यावर किती बायका आणि कशा, हे मोजता मोजता तो पडदा चालू ठेवायच्या कामात बायका किती, हे आपण कधी मोजले नाही. ती आपली ग्राहक म्हणून चिंता होती. कामगार म्हणून टीव्हीकडे आपण बघितलेच नाही.

आता ती घटना. ती टाळून हा लेख लिहिता आला असता तर बरे झाले असते.

२०१९ चा पावसाळा. ढग दाटले की या डिशचा सिग्नल जातो, तो लहरींचा गुण आहे, पण ग्राहकाला तो दोष वाटतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कॉल फार. त्या दिवशी थोरली एका गावी, धाकटी दुसऱ्या. मी दोघींबरोबरही नव्हते. कितीही केले तरी माझी सोबत हा काही कायमचा उपाय नव्हता. गाव मोठे, घर चांगले, माणूस वयस्क, गावात मान असलेला. घरातल्या बायका लग्नाला गेलेल्या. छतावरचे काम झाले. खाली वाहिन्या शोधायच्या राहिल्या होत्या आणि टीव्ही होता आतल्या खोलीत, पलंगासमोर. ती रिमोट घेऊन खाली बसली तेव्हा मागे कडी लागल्याचा आवाज झाला.

पुढचे तिने मला सांगितले तेवढे मला पुरेसे आहे, तुम्हालाही असावे. ती मागच्या दाराने निसटली. पायात चपला नव्हत्या. पिशवी, पक्कड आणि मीटर छतावर राहिले.

संध्याकाळी दुकानात तिच्याआधी तक्रार पोचली होती. ग्राहकाने कॉल सेंटरला कळवले होते : टेक्निशियन उद्धट आहे, काम अर्धवट टाकून पळाली. शेरा सर्वांत खालचा. दुकानदार तिला म्हणाला, "ग्राहक आपला देव असते." मीटरचे पैसे तिच्या हिशेबातून वळते झाले. ग्राहकाचा निरोपही आला होता, सामान माझ्याकडे सुरक्षित आहे, पोरीला पाठवा, घेऊन जाईल.

हे वाक्य मी पुन्हा वाचते तेव्हा हात थरथरतो. पोरीला पाठवा.

मग आम्ही काय केले? आम्ही, म्हणजे स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आम्ही. बैठक घेतली. दोघी-तिघी म्हणाल्या, तक्रार करू. बाकीच्या म्हणाल्या, गाव मोठे, माणूस मोठा, पुरावा काय. आपल्या गटाचे नाव खराब होईल, पुढच्या तुकडीला कुणी मुली पाठवणार नाही. शेवटी ठरले ते असे : यापुढे या कामाला मुली पाठवायच्या नाहीत. धाकटीला शिवणक्लासमध्ये जागा देऊ. मी त्या ठरावावर सही केली आहे.

मी समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे. त्या दोन वर्षांत आम्हाला गृहभेट हा विषय शिकवला गेला. परक्या घरी कसे जायचे याचे आमचे नियम होते : जाण्याआधी कुणाला तरी सांगून जा, दाराकडे तोंड करून बस, घरात बाई नसेल तर ओट्यावर बस, अंधारापूर्वी परत ये, मनाला खटकले तर कारण न देता ऊठ. हे नियम मला कुणी दिले? माझ्या व्यवसायाने दिले, कारण त्याने गृहीत धरले की परके घर हीच माझ्या कामाची जागा आहे. कारण न देता उठून आले म्हणून माझे पैसे कुणी कापले नसते. आम्ही त्या नऊ मुलींना कनेक्टर बसवायला शिकवला, आणि हे शिकवले नाही. आणि शिकवले असते तरी उपयोग किती? घरात बाई नाही म्हणून धाकटी दारातून परत फिरली असती, तर तो 'न केलेला कॉल' म्हणून तिच्याच माथी आला असता. उठण्याचा अधिकार कामाच्या करारात लागतो, नुसता पोरीच्या मनात असून भागत नाही.

आता त्या ज्येष्ठ मैत्रिणीच्या वाक्याकडे येते. परक्याच्या घरात शिरायचे काम मुलींचे नव्हे. खरेच? मग घरकामगार बाई रोज सकाळी चार घरी जाते ती कुणाच्या घरात जाते? २००५ पासून आशा कार्यकर्ती दारोदार फिरते आहे. अंगणवाडीताई, नर्सबाई, बचत गटाचे हप्ते गोळा करणारी, घरी येऊन मेंदी काढणारी मुलगी, जनगणनेला आणि मतदारयादीला जुंपलेल्या शिक्षिका, या सगळ्या कुणाच्या घरात जातात? यांच्याबाबत आपण कधी ठराव केला का, की हे काम बायकांचे नव्हे? नाही केला. कारण ती कामे सेवेची आहेत, स्वस्त आहेत, आणि ती बायकांनी सोडली तर ती करायला दुसरे कुणी नाही. सुरक्षिततेचा प्रश्न तिथेही आहे, रोज आहे. पण तो आपल्याला आठवतो तो बाईने शिडी उचलली, हत्यार हातात घेतले, पुरुषाच्या धंद्यात पाऊल टाकले तेव्हाच. धोका घराच्या आत होता. आपण बाईला धंद्यातून काढले आणि घर जसे होते तसे ठेवले.

आणि पुन्हा विचारते, कायदा कुणामुळे आला? भंवरीदेवी राजस्थानच्या भटेरी गावची साथिन होती. बालविवाह थांबवायला ती लोकांच्या दारात जात होती, म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली जिल्हा न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. त्या लढ्यातून विशाखा याचिका उभी राहिली आणि ऑगस्ट १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे दिली. तिला कार्यालय नव्हते. टेबल-खुर्ची नव्हती. तिच्या कामाची जागा म्हणजे गाव, गावातली घरे आणि शेते. अशा बाईच्या रक्तातून आलेला कायदा आज कुठे दिसतो? शहरातल्या कचेऱ्यांच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, लिफ्टशेजारी.

२०१३ च्या कायद्याचे दुसरे कलम आपल्यापैकी कितीजणींनी नीट वाचले आहे? 'कामाची जागा' यात नोकरीच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जिथे जाते ती प्रत्येक जागा येते. राहते घरसुद्धा येते. 'कर्मचारी' यात कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ, ठेकेदारामार्फत घेतलेली, अगदी बिनपगारी स्वयंसेविकाही येते. कॉलमागे पैसे घेणारी धाकटी यात बसते, आणि त्या गावातली ती आतली खोलीसुद्धा. एकोणिसावे कलम मालकावर जबाबदारी टाकते की कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या लोकांपासूनही बाईला संरक्षण द्यायचे, आणि तिची इच्छा असेल तर त्या बाहेरच्या माणसावर फौजदारी कारवाई सुरू करायला पुढाकार घ्यायचा. म्हणजे 'ग्राहक देव असतो' हे वाक्य नुसते हलकट नव्हते, कायद्याच्या विरुद्ध होते. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानात अंतर्गत समिती नसते, त्यांच्यासाठी जिल्ह्याला स्थानिक समिती. आणि खेडोपाडीच्या बाईला जिल्ह्याला जावे लागू नये म्हणून तालुक्याला एक समन्वय अधिकारी नेमायचा, ज्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची. तक्रारीला मुदत तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन.

हे मला तेव्हा अर्धवट ठाऊक होते. ठरावावर सही केल्यावर झोप लागेना म्हणून मी शोध सुरू केला. एका सरकारी कार्यालयात गेले. समन्वय अधिकारी कोण? या टेबलवरून त्या टेबलवर. एकाने बालविकासाकडे पाठवले, तिथून पोलिसांकडे, पोलिसांकडून परत. एका साहेबांनी प्रेमाने विचारले, "मॅडम, मुलीचं लग्न ठरलं आहे काय? नाही म्हणजे, कशाला उगाच." जिल्ह्याच्या समितीचा पत्ता हाती लागला तेव्हा तीन महिने उलटून गेले होते. पुढचे तीन मागता आले असते. पण तोवर धाकटी म्हणाली, "ताई, आता राहू द्या. बाबाले लोक इचारतात." मी तिला दोष देत नाही. तिने पहिल्या दिवशी सांगितले होते, आम्हीच ऐकायला तीन महिने लावले.

यात माझे एकटीचे अपयश मानायला मी तयार आहे, पण तेवढ्यावर विषय संपत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये, गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमा, स्थानिक समिती नेमा, तालुक्यात समन्वय अधिकारी नेमा. कायदा होऊन अकरा वर्षे झाल्यावर! याचा अर्थ २०१९ साली मी जो माणूस टेबलाटेबलावर शोधत होते, तो देशभर अनेक ठिकाणी नव्हताच. आणि नाही हे आपल्याला कळलेही नाही, कारण आपण कधी तक्रार घेऊन गेलोच नाही. आपण ८ मार्चला कायद्याची पोस्टर लावत होतो.

काही जणी म्हणतील, दोघी-दोघींनी पाठवा. धाकटीच्या आईचेही तेच म्हणणे होते, आणि आईच्या काळजीला मी नावे ठेवणार नाही. पण कॉलमागचे पैसे दोघींत वाटले की उरते काय? दुसऱ्या बाईचे पैसे कोण देणार, हे न सांगता 'जोडीने जा' म्हणणे म्हणजे मजुरी अर्धी करण्याचाच सल्ला आहे. पैसे कंपनीने द्यावेत. घरात फक्त पुरुष असेल तर टेक्निशियनला दारातून परत फिरता यावे आणि तो कॉल तिच्या नावावर फुकट जाऊ नये. ग्राहकाने दिलेला शेरा हा निकाल नसून एका बाजूचे म्हणणे आहे, हे लिहून घ्यावे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्बन कंपनीसाठी घरोघर जाऊन काम करणाऱ्या ब्युटिशियन गुरुग्रामला कंपनीच्या दारात बसल्या, तेव्हा त्यांच्या मागण्यांत कमिशनबरोबर हा ग्राहकाच्या शेऱ्यांचा जाचही होता. त्या मुली शहरातल्या, मोबाइलवर काम घेणाऱ्या. तरी त्यांचे नि आमच्या धाकटीचे दुखणे एकच होते. आपल्या तिमाहीत त्यांच्यावर लेख आला होता का? मला आठवत नाही.

आणि 'प्रयोग अयशस्वी'? थोरलीला विचारा. तिने आमचा ठराव मानला नाही. "तुम्ही मीटिंग घ्या, मले पोरगी शिकवाची हाय," म्हणाली. दुकानदाराला सोडले, स्वतःचे मीटर हप्त्याने घेतले. आज ती फ्री डिश बसवते, कॅमेरे बसवते, इनव्हर्टरची वायर जोडते. तिचा नंबर कुणाकडे असतो सांगू? एकट्या बायकांकडे. गेल्या वर्षी तिच्याबरोबर मालखेडच्या बाजूला गेले होते. एका विधवा बाईचा टीव्ही चार महिने बंद होता. पैसे नव्हते म्हणून नव्हे. दुपारी घरात परका माणूस आला तर शेजार काय म्हणेल म्हणून. मुलगा पुण्याला, तो दिवाळीला आला की बघू, असे चालले होते. थोरलीने वीस मिनिटांत वायरीचे तोंड बदलले. त्या बाईने तिला चहा दिला, मग जेवायला बसवले, आणि मग कपाटामागचे, वर्षभर ठिणग्या उडणारे बटण दाखवले, ज्याला हात लावायला ती भीत होती. अशी घरे प्रत्येक गावात आहेत. दिवसा घरात बाईच असते, आणि घरातली प्रत्येक दुरुस्ती 'मालक आल्यावर' होते. बाई मेकॅनिक ही त्या घरांची गरज आहे. नव्वदीच्या सुरुवातीला बांदा जिल्ह्यात महिला समाख्येने हातपंप दुरुस्त करणाऱ्या बायका तयार केल्या तेव्हा हेच म्हटले जात होते, बायका पाना धरणार? पाणी बाईने भरायचे, पंप पुरुषाने दुरुस्त करायचा! त्या बायकांवर आपण कौतुकाने लिहिले, शिबिरांत त्यांची गोष्ट सांगितली. बांदा दूर होते म्हणून सोपे गेले.

धाकटी शिवणक्लासला पंधरा दिवस गेली. आता ती एका कपड्याच्या दुकानात उभी असते, सकाळी दहा ते रात्री नऊ, बसायला स्टूल नाही. मालक कसा आहे हे मी एकदा विचारले तेव्हा तिने विषय बदलला. तिथे जाऊ नकोस असा ठराव कुणी केलेला नाही.

म्हणून माझे मागणे आहे की पुढच्या बैठकीत ते वाक्य इतिवृत्तातून खोडावे आणि त्या जागी लिहावे : प्रशिक्षण देणाऱ्या गटांनी मुलींना वाऱ्यावर सोडले. सहीला मी पहिली. दुसरे, हा अंक हातात पडेल त्या प्रत्येक गटाने आपल्या तहसीलला जाऊन एकच लेखी प्रश्न विचारावा : २०१३ च्या कायद्याखालचा समन्वय अधिकारी कोण, त्याचे नाव, खोली, फोन. उत्तर मिळाले तर अंकाच्या पत्त्यावर पाठवा, नाही मिळाले तर अर्जाची पोच पाठवा. दुकानदारांकडे, केबलवाल्यांकडे, इंटरनेट जोडणाऱ्यांकडे कॉलवर जाणाऱ्या मुली तुमच्या भागात किती आहेत, तेही कळवा. आमच्या तालुक्याचा अर्ज मी गेल्या सोमवारी दिला. पोच मिळाली आहे, शिक्का जरा पुसट आहे पण तारीख वाचता येते.

ते मीटर अजून त्या घरीच आहे.